‘कुलूप’ या संज्ञेचा अर्थ : लिनक्स कर्नेलातील परस्परवर्जनाचे एक परीक्षण

१

शास्त्रीय परिभाषेतील पुष्कळशा संज्ञा व्यवहारातील वस्तूंवरून घेतलेल्या असतात. आणि नाव उसने घेताना त्या वस्तूचे गुणही बरोबर आले असावेत, असा समज अभ्यासकाच्या मनात नकळत घर करतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलात रूढ झालेली ‘लॉक’ ही संज्ञा या प्रकारची आहे. मराठीत तिचा सरळ अर्थ कुलूप. अरबी ‘कुफ्ल’ या शब्दातील वर्णांची अदलाबदल होऊन हा शब्द मराठीत स्थिरावला. रूप बदलले, पण अर्थ ढळला नाही. ज्याच्याजवळ किल्ली नाही त्याला जे अडविते ते कुलूप.

कर्नेलातील कुलूप या अर्थाने कोणालाही अडवीत नाही. ते स्मृतीच्या एका लहानशा भागात लिहिलेली नोंद असते. ज्या माहितीचे रक्षण ते करते असे म्हटले जाते, ती माहिती शेजारीच उघडी पडलेली असते आणि नोंदीकडे ढुंकूनही न पाहता तिला हात घालणाऱ्या आज्ञेला प्रोसेसर यत्किंचितही विरोध करीत नाही. एस. टी.च्या गाडीत खिडकीतून आसनावर रुमाल टाकून जागा धरण्याची रीत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. रुमालाच्या अंगी कोणाला उठविण्याचे सामर्थ्य नसते. पण रुमालाचा अर्थ सर्व उतारूंना ठाऊक असतो आणि तो मानावयाचा असे सर्वांनी ठरविलेले असते, म्हणून जागा राखली जाते. कर्नेलातील कुलूप हे वस्तुतः कुलूप नसून असा रुमाल आहे. भारतीय शब्दविचारात ज्याला ‘संकेत’ म्हणतात, त्या कोटीतील ती वस्तू होय.

हा केवळ नामकरणाचा वाद नव्हे. एखादी व्यवस्था संकेतावर उभी असेल, तर तिची परीक्षा यंत्राच्या वेगावरून पुरी होत नाही. संकेत कोठे नोंदविला आहे, तो कोणाला कळतो आणि तो मोडला गेल्यास कोणाच्या लक्षात येते, हे प्रश्नही विचारावे लागतात. लिनक्स कर्नेलातील म्यूटेक्स या रचनेचे परीक्षण येथे याच दृष्टीने करावयाचे आहे. यंत्र म्हणून ही रचना उत्कृष्ट आहे; परंतु कोणते कुलूप कोणत्या माहितीचे, हा जो या संकेताचा गाभा, त्याला सी भाषेने व्याकरणात स्थानच दिलेले नाही, असे या परीक्षणाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम मूळ अडचण पाहू. एका गणनेत ५ हा आकडा आहे आणि दोन प्रोसेसर एकाच वेळी तीत एकेकाची भर घालू पाहतात. दोघेही ५ वाचतात, दोघेही ६ करतात, दोघेही ६ लिहितात. गणना ७ व्हावयास हवी होती. एक भर नाहीशी झाली. एखादी वस्तू किती जण वापरीत आहेत, याची ही गणना असेल, तर ती लवकर शून्यावर येते, कर्नेल ती जागा मोकळी समजून दुसऱ्याला देते आणि पहिला वापरकर्ता परक्या माहितीवर लिहीत राहतो. यंत्र कोसळणे हा त्याचा सौम्य परिणाम. सुरक्षिततेला पडणारे भगदाड हा अधिक गंभीर.

एकाच आकड्याचा प्रश्न असता, तर अविभाज्य अशा एका आज्ञेने तो सुटला असता. परंतु कर्नेलातील माहिती साखळ्यांच्या, वृक्षांच्या व कोष्टकांच्या रूपात गुंफलेली असते. साखळीत नवा दुवा घालताना निदान दोन निर्देश बदलावे लागतात आणि पहिला बदलून दुसरा बदलेपर्यंतच्या क्षणी साखळी असत्य असते. हा असत्याचा क्षण इतरांच्या दृष्टीस पडू नये, एवढ्यासाठीच परस्परवर्जनाची योजना आहे.

या प्रश्नाची पहिली नेटकी मांडणी डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये, जेमतेम एका पानाच्या निबंधात केली. ज्या भागात एका वेळी एकानेच असावे त्याला त्यांनी ‘क्रिटिकल सेक्शन’ म्हटले. मराठीत त्यास ‘कळीचा भाग’ म्हणता येईल. निबंधाचे मोल त्यातील उत्तरापेक्षा त्यातील अटींत आहे. कोणत्याही सहभागीस कायमचे झुकते माप नसावे. कोणाच्या वेगाविषयी काहीही गृहीत धरू नये. कळीच्या भागापासून दूर असताना कोणी थांबला, तर त्यामुळे इतर अडू नयेत. आणि ‘पहले आप, पहले आप’ करीत दोघेही दारातच उभे राहावेत, असा प्रसंग, कितीही असंभाव्य असला तरी, शक्यच नसावा. शेवटच्या अटीत या विषयाचे सारे नीतिशास्त्र आले आहे: क्वचित चुकणारे उत्तर हे उत्तरच नव्हे.

तथापि या अटींतही एक उणीव होती. कोणीतरी आत जाईल, याची हमी त्या देतात; विशिष्ट व्यक्ती केव्हा तरी आत जाईल, याची देत नाहीत. डोनाल्ड क्नुथ यांनी १९६६ मध्ये ही त्रुटी दाखवून सुधारित उत्तर दिले. पुढे १९७४ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी दुकानातील क्रमांकाच्या चिठ्ठीच्या धर्तीवर आपली ‘बेकरी’ रीत मांडली. समष्टीची प्रगती आणि व्यष्टीचा न्याय यांतील ही ओढाताण पुढच्या सर्व इतिहासात दिसते.

३

डाइक्स्ट्रा यांनीच पुढे ‘सेमाफोर’ ही कल्पना दिली. नाव रेल्वेच्या हात-सिग्नलवरून घेतलेले. त्यावरील दोन क्रियांना त्यांनी ‘पी’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे दिली. ‘व्ही’ हे वाढविणे या अर्थाच्या डच क्रियापदाचे आद्याक्षर. ‘पी’ मात्र ‘कमी करण्याचा यत्न’ या अर्थाने मुद्दाम घडविलेल्या एका जोडशब्दावरून आले. लिनक्सने त्यांची ‘डाउन’ व ‘अप’ अशी नावे केली.

सेमाफोर ही संपन्न कल्पना आहे आणि संपन्नता हाच तिचा दोष आहे. ‘अप’ ही क्रिया कोणीही करू शकतो; ज्याने ‘डाउन’ केले त्यानेच केली पाहिजे असे नाही. परिणामी तिचे दोन अर्थ होतात: ‘माझे काम संपले, आता दुसऱ्याने यावे’ हा एक आणि ‘अमुक घटना घडली’ हा दुसरा. एकाच रूपाचे दोन अर्थ असले म्हणजे काव्यात श्लेष साधतो. कर्नेलात मात्र चूक साधते. त्यातही कित्येक वर्षे लिनक्समध्ये १ या आरंभमूल्याचा सेमाफोर घोषित करणाऱ्या सूत्राच्या नावातच ‘म्यूटेक्स’ हा शब्द होता. नाव एकाचे, वस्तू दुसरी.

इंगो मोल्नार यांनी घडविलेला स्वतंत्र म्यूटेक्स २००६ मध्ये २.६.१६ या आवृत्तीत दाखल झाला, तो अर्थसंकोचाच्या मार्गाने. ज्याने कुलूप घेतले त्यानेच ते सोडले पाहिजे. एकदाच सोडले पाहिजे. हाती असताना पुन्हा घेता कामा नये. ते हाती ठेवून प्रक्रियेने संपता कामा नये. इंटरप्टच्या संदर्भात त्याला स्पर्श करू नये. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, ज्या वाक्यांच्या उच्चारानेच कृती घडते, अशा वाक्यांचा विचार आहे. तसे वाक्य खरे किंवा खोटे नसते. योग्य व्यक्तीने, योग्य प्रसंगी, योग्य रीतीने उच्चारले तर ते सफल होते, नाही तर निष्फळ. म्यूटेक्सचे नियम हे असेच साफल्याचे निकष आहेत. सेमाफोरने जे मोकळे ठेवले होते, ते म्यूटेक्सने बांधले. आणि जे बांधले ते तपासता येऊ लागले. परिभाषेच्या इतिहासात अर्थसंकोच हा बहुधा तोटा मानला जातो. येथे तो निःसंशय लाभ आहे.

स्वामित्वाच्या अटीचे महत्त्व एका प्रसिद्ध प्रसंगावरून ध्यानात येते. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुनःपुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. कमी अग्रक्रमाच्या एका कार्याने म्यूटेक्स धरला होता. उच्च अग्रक्रमाचे कार्य त्यासाठी थांबले होते. आणि मधल्या अग्रक्रमाची कार्ये धारकाला चालूच देत नव्हती. उच्च कार्य वेळेत पुरे न झाल्यामुळे रक्षकव्यवस्था यंत्र पुन्हा सुरू करी. धारकाला थांबलेल्याचा अग्रक्रम तात्पुरता बहाल करण्याची सोय त्या प्रणालीत होतीच. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून ती चालू करताच दोष दूर झाला. अग्रक्रम उसना द्यावयाचा तर तो कोणाला, हे ठाऊक असावे लागते. ज्या रुमालावर नाव नाही, त्याच्या धन्याला हाक कशी मारणार?

४

आता रचनेकडे वळू. लिनक्सच्या म्यूटेक्समध्ये ‘ओनर’ नावाचा एक रकाना असतो. तो शून्य असेल तर कुलूप मोकळे; नसेल तर त्यात धारकाचा पत्ता असतो. ‘रकान्यात शून्य असेल तरच आपला पत्ता लिही’ ही तुलना आणि लेखन एका अविभाज्य आज्ञेने घडते. बहुतेक वेळा स्पर्धक नसतो आणि काम येथेच संपते. हा पहिला, जलद मार्ग.

स्पर्धक असेल आणि धारक त्या क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर प्रत्यक्ष चालू असेल, तर येणारा झोपत नाही. जागच्या जागी फिरत वाट पाहतो. झोपणे आणि पुन्हा जागे होणे यांचा खर्च त्या अल्पशा प्रतीक्षेहून अधिक असण्याचा संभव असतो. असे अनेक जण फिरू लागले, तर सर्वांची नजर एकाच रकान्यावर खिळून स्मृतीच्या वाहतुकीवर ताण येईल. म्हणून मेलर-क्रमी आणि स्कॉट यांनी १९९१ मध्ये सुचविलेल्या रीतीने त्यांची रांग लावली जाते आणि प्रत्येक जण स्वतःच्याच जागेकडे पाहत राहतो. हा मधला मार्ग. धारकच झोपला असेल, तर मात्र येणाऱ्याने प्रतीक्षायादीत नाव घालून झोपावे, हा तिसरा मार्ग.

या तिसऱ्या मार्गात एक तार्किक गंमत आहे. प्रतीक्षायादी ही देखील सामायिक माहितीच. तिचे रक्षण करण्यासाठी म्यूटेक्सच्या पोटात आणखी एक लहान कुलूप, स्पिनलॉक, ठेवावे लागते. कुलपासाठी कुलूप आणि त्यासाठी पुन्हा कुलूप, अशी नैयायिक ज्याला अनवस्था म्हणतात ती येथे ओढवली असती. पण ती प्रोसेसरच्या अविभाज्य आज्ञेशी येऊन थांबते. एवढ्या एकाच ठिकाणी संकेत संपतो आणि वस्तुस्थिती सुरू होते. त्यावरची सारी इमारत संकेताचीच आहे.

रकान्यातील पत्ता अशा रीतीने आखलेला असतो की, त्याचे शेवटचे अंक नेहमी शून्यच असावेत; त्या रिकाम्या जागी तीन खुणा ठेवल्या आहेत. त्यांपैकी एक, वाट पाहणारे आहेत, हे सांगते. दुसरी, कुलूप सोडताना ते मोकळे न टाकता रांगेतील पहिल्याच्या हाती सोपवावे, असे बजावते. ही दुसरी खूण का लागली, हे सूचक आहे. नवा येणारा जागाच असल्याने तो झोपेतून उठणाऱ्याच्या आधी कुलूप पळवू शकतो. त्यामुळे एकूण काम लवकर होते, पण एखाद्या दुर्दैव्याची पाळीच येत नाही. क्नुथ यांनी १९६६ मध्ये दाखविलेली त्रुटी वेगाच्या मोहाने पुन्हा शिरली आणि खुणेच्या रूपाने तिचे परिमार्जन करावे लागले.

या सुधारणांची किंमतही पडली आहे. आरंभी म्यूटेक्सच्या बाजूने जी कारणे दिली गेली, त्यांत तो सेमाफोरपेक्षा लहान आहे हे एक होते. आज कर्नेलाचे दस्तऐवजच प्रांजळपणे कबूल करतात की, ६४ बिटांच्या एक्स-८६ यंत्रावर म्यूटेक्सला ३२ बाइट लागतात, तर सेमाफोरला २४. असा कबुलीजबाब दस्तऐवजात नोंदविणे हे त्या परंपरेच्या निरोगीपणाचे लक्षण मानावे लागेल.

५

येथवरचा विचार कुलूप कसे घ्यावे याचा झाला. ते कशाचे, हा प्रश्न उरतोच. लिनक्सच्या इतिहासात याचे पहिले उत्तर फार ढोबळ होते. १९९६ च्या २.० आवृत्तीत एकाहून अधिक प्रोसेसरांची सोय आली, ती संपूर्ण कर्नेलाला एकच मोठे कुलूप लावून. या ‘बिग कर्नेल लॉक’चे वर्तन विलक्षण होते: धारक ते पुनःपुन्हा घेऊ शके आणि धारक झोपला की ते आपोआप सुटे, जागा झाला की पुन्हा घेतले जाई. अर्थात धारकाच्या नकळत मधल्या काळात इतर कोणीही आत येऊन जाई. हे कुलूप काढून टाकण्याचे काम २०११ मधील २.६.३९ आवृत्तीपर्यंत रेंगाळले. विलंबाचे मुख्य कारण यांत्रिक नव्हते. त्या कुलपाच्या आडोशाने कोणकोणती माहिती सुरक्षित राहिली आहे, हे कोठेही लिहिलेले नव्हते. प्रत्येक ठिकाणी ते वाचून, तर्काने, नव्याने शोधावे लागले. न लिहिलेल्या अर्थाचे ऋण हे असे पिढीनंतर फेडावे लागते.

‘कुलूप संहितेला नव्हे, माहितीला लावावे’ हा उपदेश त्यानंतर सर्वमान्य झाला. पण तो उपदेशच राहिला. सी भाषेत एखाद्या रचनेत म्यूटेक्स आणि त्याने राखावयाची माहिती शेजारी शेजारी घोषित होतात. त्यांच्यातील संबंध सांगणारा प्रत्यय भाषेत नाही. विभक्तीविना मांडलेल्या नामांप्रमाणे ती केवळ जवळ उभी असतात. संबंध सांगण्याचे काम टिप्पणीवर येते. फाइल-व्यवस्थेतील आय-नोडच्या संहितेच्या आरंभी कोणते कुलूप कशाचे रक्षण करते, याची यादी आहे; स्मृतिव्यवस्थेच्या संहितेत कुलपे कोणत्या क्रमाने घ्यावीत, याचा तक्ता आहे. हे लेखन काळजीपूर्वक केलेले आहे, पण संकलकाच्या, म्हणजे कंपायलरच्या, लेखी ते कोरे पान आहे.

२००६ मध्येच २.६.१८ आवृत्तीत ‘लॉकडेप’ ही तपासणी-व्यवस्था आली. ती चालू ठेवली असता कर्नेल चालताना कुलपे कोणत्या क्रमाने घेतली जातात, याची नोंद ती ठेवते. एका ठिकाणी पहिले धरून दुसरे आणि अन्यत्र दुसरे धरून पहिले घेतलेले दिसले की, कोंडी प्रत्यक्ष झाली नसली तरी ती इशारा देते. ही फार मोठी सिद्धी आहे. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर लॉकडेपने कुलपांची वाक्यरचना तपासली. अर्थ मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिला. कुलूप न घेताच माहितीला हात घालणाऱ्या वाक्याविषयी ती स्वतः होऊन काही बोलत नाही. ‘येथे अमुक कुलूप हाती असलेच पाहिजे’ असे विधान लेखकाने आठवणीने लिहिले असेल, तरच ती ते पडताळते. संहिता दाखल करण्यापूर्वीची एक काटेकोर तपासणी तर टिप्पणीविना घोषित केलेल्या म्यूटेक्सवर बोट ठेवते. पण टिप्पणी आहे एवढेच ती पाहते, ती खरी आहे की नाही हे पाहत नाही.

६

२०२२ च्या डिसेंबरातील ६.१ आवृत्तीत रस्ट या भाषेचा कर्नेलात प्रवेश झाला आणि या प्रश्नाला नवे वळण मिळाले. रस्टमध्ये म्यूटेक्स माहितीच्या शेजारी उभा नसतो. माहिती त्याच्या पोटात असते. कुलूप घेतल्यावर एक ‘गार्ड’ हाती येतो आणि त्याच्या द्वारेच माहितीपर्यंत पोहोचता येते; गार्डची व्याप्ती संपली की कुलूप आपोआप सुटते. ते न घेता माहितीला हात घालणारे वाक्य, भाषेने घातलेली बंधने लेखकाने जाणूनबुजून सैल केली नसतील तर, संकलकाला अशुद्ध वाटते. लक्षणीय गोष्ट अशी की, आत तोच जुना सी भाषेतील म्यूटेक्स आहे. तोच रकाना, तेच तीन मार्ग. यंत्रात काहीही बदललेले नाही. बदलला तो संबंधाचा उच्चार. जे टिप्पणीत होते ते व्याकरणात आले आणि ‘कुलूप’ ही संज्ञा या ठिकाणी प्रथमच सार्थ झाली.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. कर्नेलातील सर्वच माहिती एका कुलपाच्या पोटात मावणारी नसते. काही माहिती वाचण्यासाठी दोहोंपैकी कोणतेही एक कुलूप चालते, बदलण्यासाठी दोन्ही लागतात. काही माहिती वस्तू नुकतीच जन्मली असता कुलपाविना हाताळणे निर्धोक असते. आणि २००२ पासून लिनक्समध्ये असलेल्या ‘आर-सी-यू’ या रीतीत तर वाचणारा कुलूप घेतच नाही. अशा संबंधांना पोटात घालण्याची रचना अपुरी पडते. आक्षेप मान्य करूनही मूळ मुद्दा अबाधित राहतो. व्याकरणाने सर्व अर्थ व्यक्त व्हावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. पण जो संबंध वारंवार येतो आणि जो चुकल्यास अनर्थ होतो, त्याला भाषेत रूप असावे, ही अपेक्षा रास्त आहे. अपवादांची गुंतागुंत हे नियम अनुच्चारित ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या अध्यापनात परस्परवर्जनाचा पाठ बहुधा अविभाज्य आज्ञेपासून सुरू होऊन सेमाफोरशी संपतो. विद्यार्थी कुलूप कसे घडवावे हे शिकतो, ते कशाचे हे लिहून ठेवण्यास शिकत नाही. म्यूटेक्सच्या जलद मार्गातील चूक थोड्याच दिवसांत उघडकीस येते, कारण ती संहिता प्रत्येक यंत्रावर क्षणोक्षणी चालते. न लिहिलेल्या संकेताची चूक मात्र वर्षानुवर्षे दडून बसते आणि ज्याने संकेत केला तो निघून गेल्यावर, ज्याला तो कधी सांगितलाच गेला नाही, त्याच्या हातून प्रकट होते. रुमाल टाकणारा उतारू गाडीतून उतरून गेला आणि रुमालाचा अर्थ जाणणारे कोणी उरले नाही, तर आसनावर उरते ते केवळ एक फडके.